फोटोपुरतं

ब्रदर टॉलमन यांनी "खरं कारण आपल्याला माहीत नाही" हे वाक्य चौथ्यांदा म्हटलं, तेव्हा मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. नऊ वर्षांत चर्चच्या त्या रविवारच्या वर्गात मी कधी उभी राहिले नव्हते. बोलायचं असलं की हात वर करायचा, हसायचं, आधी आभार मानायचे, मग बोलायचं, अशी आमची रीत.

"माहीत नाही कसं?" मी म्हटलं. "सव्वाशे वर्षं तुम्ही माणसांना दाराबाहेर ठेवलंत आणि का ठेवलंत ते माहीत नाही?"

आम्ही मॉर्मन आहोत. चर्चचं खरं नाव लांबलचक आहे, पण लोक याच नावानं ओळखतात. मी मेबल, मूळची वसईची, जन्मानं कॅथलिक. माझा नवरा रॉयडन अल ऐनच्या एका हॉस्पिटलमध्ये मशिनं दुरुस्त करतो, आठवडाभर तिथेच राहतो आणि शुक्रवारी दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला घरी येतो. नऊ वर्षांपूर्वी माझं दुसरं मूल पोटातच, सहाव्या महिन्यात गेलं. मी शारजातल्या ज्या क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचं काम बघते तिथल्या अमेरिकन डॉक्टरीणबाई या चर्चच्या. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी महिनाभर रोज जेवणाचे डबे घेऊन यायच्या. एकीनंही धर्माचा विषय काढला नाही. मीच काढला. वर्षाच्या आत आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या चर्चमध्ये पगारी फादर नसतो. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला याजकपद मिळायला सुरुवात होते. तो रविवारी भाकर आणि पाणी वाटतो, पुढे मोठा झाला की आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, स्वतःच्या मुलांना बाप्तिस्मा देतो. हे सगळ्या पुरुषांना मिळतं असं मला सांगितलं होतं. पूर्वी ते सगळ्यांना मिळत नव्हतं, हेही कुणीतरी कधीतरी पुटपुटलं असेल. मी लक्ष दिलं नाही.

त्या डिसेंबरमध्ये धड्याचा विषय तोच होता. शनिवारी माझी पंधरा वर्षांची मुलगी सोफिया सोफ्यावर पाय पसरून फोनवर धडा वाचत होती. एकदम म्हणाली, "ममा, दॅट मीन्स डॅड कुडन्ट हॅव ब्लेस्ड मी?"

मी फोन हातात घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जूनपर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला याजकपद नाही. मंदिरातलं लग्न तर पुरुषालाही नाही आणि बाईलाही नाही. रक्ताचा एक थेंब असला तरी नाही.

रॉयडनची आई सिद्दी होती. कर्नाटकातल्या हळियाळच्या जंगलातली कॅथलिक सिद्दी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं पळून त्या जंगलात गेली, त्यांच्यातली. तिचं नाव कॅमिला. वसईला नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाकाला आली आणि तिथल्याच एका सुताराशी लग्न करून राहिली. रॉयडनला शाळेत पोरं हबशी म्हणायची. तो अजूनही केस अगदी बारीक कापतो, कारण वाढले की ते सगळं सांगून टाकतात. सोफियाचे केस तेच आहेत.

म्हणून मी उभी राहिले.

वर्ग इंग्रजीत चालतो. रागात माझं इंग्रजी तुटतं, पण त्या दिवशी तुटलं नाही. मी म्हटलं, "काळी कातडी म्हणजे शाप, असली जी कारणं तेव्हा दिली ती आता आम्हाला मान्य नाहीत, असं चर्चनंच लिहून ठेवलंय. काल रात्री मी वाचलं. मग कारण होतं, फक्त आपल्याला कळलेलं नाही, असं तुम्ही का शिकवता? कारण नव्हतंच. ती चूक होती. एवढं म्हणा आणि मग पुढचा धडा घ्या."

ब्रदर टॉलमन सदुसष्ट वर्षांचे. अमेरिकेत आयडाहोत शिक्षक होते, निवृत्त होऊन इथे मुलीकडे राहतात. त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर मेबल, त्या काळाकडे आजच्या नजरेनं बघून चालत नाही. प्रभूची वेळ यावी लागते."

"प्रभूची वेळ की तुमची?"

कुणीतरी खोकलं. रॉयडननं माझ्या ड्रेसचं टोक ओढलं. "बस, मेबल."

मी बसले नाही. पर्स उचलून बाहेर गेले. ज्या व्हिलात आमची सभा भरते तिच्या पोर्चमध्ये नैरोबीची सिस्टर वांजिरू माझ्या मागोमाग आली. ती एका शाळेत नर्स आहे. म्हणाली, "दर चार वर्षांनी हा धडा येतो. दर चार वर्षांनी मी तो पाऊण तास कार्पेटकडे बघते. त्या कार्पेटवर किती डाग आहेत ते मला पाठ आहे." मग ती परत आत गेली, कारण पुढच्या तासाला पियानो तिलाच वाजवायचा होता.

गाडीत बसल्यावर मी रॉयडनवर तुटून पडले. "तू गप्प बसलास. तुझ्या आईबद्दल चाललं होतं. तुझ्याबद्दल. हिच्याबद्दल. आणि तू माझा ड्रेस ओढतोस?"

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"बाप्तिस्म्याच्या आधी सगळं वाचलं होतं मी. मशीन उघडायच्या आधी मॅन्युअल वाचतो, तसं."

शेख झायेद रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. मागे सोफियानं कानातले इयरफोन काढले.

"आणि तरी घेतलास?"

"तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचीस. त्या बायकांनी तुला उठवलं. ते मला करता आलं नव्हतं." त्यानं लेन बदलली. "शिवाय मी कॅथलिक कसा झालो ते तुला माहिती आहे. माझ्या पणज्याच्या पणज्याला जहाजातून उतरवला, पाणी शिंपडलं आणि विकला. कुठलं चर्च स्वच्छ आहे ते सांग, उद्यापासून तिकडे जाऊ."

"म्हणून गप्प बसायचं? सगळेच घाण म्हणून?"

"नाही. बोल तू. मी कुठे अडवतो?" इतका वेळ शांत असलेला त्याचा आवाज आता बदलला. "फक्त माझ्या आईचं नाव घेऊन बोलू नकोस. तुला तो हक्क नाही. आपल्या लग्नात फोटोच्या वेळी ती कुठे होती, ते तुला आठवतं ना?"

मागून सोफिया म्हणाली, "व्हॉट फोटो?"

रॉयडननं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

मला आठवत होतं. दोन हजार सहा, वसई. चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही घरच्या माणसांना फोटोग्राफरनं उभं केलं. कॅमिलानं नवी जांभळी सिल्कची साडी नेसली होती, केसांना तेल लावून चापून बसवले होते. माझी मावशी तिच्या कोपराला धरून म्हणाली, "तुम्ही जरा जेवणाकडे बघता का? कॅटररच्या माणसांना काही समजत नाही." ती गेली. फोटो झाला. ती आली तेव्हा हाताला मसाला लागलेला होता आणि तिनं तो माझ्या लुगड्याला लागू नये म्हणून हात मागे धरले होते. हे सगळं मी पाहिलं होतं. एकोणीस वर्षं मी ते मावशीच्या नावावर ठेवून दिलं होतं. मावशी तशीच होती, सगळ्यांना टोचून बोलणारी. तीही आता गेली.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये क्लिनिकच्या जिन्यात उभी राहून मी माझ्या आयला फोन लावला. आय अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि मी धर्म बदलल्याबद्दल अजून रागावलेली आहे.

"लग्नाच्या फोटोत माझ्या सासूला का उभं केलं नाही?" मी विचारलं.

"आता काय हे? बरी आहेस ना?"

"सांग, आय. कुणी ठरवलं?"

"अगं, तेव्हा तसंच होतं. लोक काय म्हणतील, असं तुझ्या बाबांना वाटायचं. नातेवाईक मुंबईहून आलेले. आता तसं कुणी करणार नाही."

तोच सूर. तेच, त्या काळाकडे आजच्या नजरेनं बघून चालत नाही. मला इतका संताप आला की मी जिन्याच्या कठड्यावर हात आपटला. "तुम्हाला लाज कशी वाटली नाही? ती माझी सासू होती! मावशीला पाठवलंत, स्वतः गेला नाहीत. भित्रे सगळे."

आय म्हणाली, "मावशीच्या नावानं ओरडू नकोस, मेलेलं माणूस आहे. बाबांनी आधी तुलाच विचारलं होतं. आदल्या दिवशी, तू मेंदी वाळवत बसली होतीस तेव्हा. तू म्हणालीस, फोटोपुरतं ठीक आहे."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणालीस. मी तिथेच होते. तुझ्या हातावर साखरेचं पाणी लावत होते."

मी फोन ठेवला. मी असं म्हटलं नाही, हे स्वतःला पुन्हा सांगून पाहिलं. पण साखरेच्या पाण्याचं ऐकल्याबरोबर बाबा दारात उभे दिसले, चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेर. त्यांना माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यांनी खरोखर विचारलं होतं. मी नको म्हटलं असतं तर ते सुटले असते. मला वाटतं, ते सुटायलाच आले होते. आणि मी हातावरची मेंदी बघत म्हटलं होतं, फोटोपुरतं ठीक आहे.

त्या संध्याकाळी शारजाहून घरी यायला दोन तास लागले. दोन तास मी गाडीत एकटी होते आणि स्वतःला तोंडाला येईल ते बोलत होते. चर्चवरचा राग त्यामुळे कमी झाला, असं म्हणायची सोय नाही. उलट वाढला. कारण आता मला कळलं होतं की कारण माहीत नसतं असं कधीच होत नाही. कुणीतरी विचारलेलं असतं, कुणीतरी हो म्हटलेलं असतं आणि हो म्हणणाऱ्याच्या पोटात त्याच वेळी कळलेलं असतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे उपासाची सभा असते. ज्याला वाटेल तो पुढे जाऊन आपल्या श्रद्धेबद्दल चार शब्द बोलतो. बहुतेक जण रडतात आणि घरच्यांचे आभार मानतात. मी पुढे गेले. माइक माझ्या उंचीला आणायला वेळ लागला.

मी म्हटलं, "माझ्या सासूचं नाव कॅमिला. ती काळी होती म्हणून माझ्या लग्नाच्या फोटोत तिला घेतलं नाही. तिला जेवणाकडे पाठवलं. हे माझ्या वडिलांनी ठरवलं आणि मी हो म्हटलं. त्या काळामुळे नाही. मला लाज वाटत होती म्हणून. ती चूक होती, आणि ती मी केली. हे मी तिला जिवंतपणी सांगितलं नाही. आता मला या चर्चकडून हेच ऐकायचं आहे. कारण माहीत नाही, वेळ आली नव्हती, हे नको. आम्ही केलं, चूक होती, एवढं. मला म्हणता आलं, मी एक साधी बाई. तुम्हाला का म्हणता येऊ नये?"

शेवटी आमेन म्हणतात. मी म्हटलं नाही. बिशपनं, म्हणजे आमच्या शाखेच्या प्रमुखानं, सभा संपल्यावर मला बाजूला घेतलं. तो तरुण आहे, बँकेत काम करतो, वाईट माणूस नाही. म्हणाला की ही जागा प्रश्न विचारण्याची नाही. मी म्हटलं, "मग जागा सांगा. मी तिथे येते." विचार करून कळवतो म्हणाला.

पार्किंगमध्ये ब्रदर टॉलमन उन्हात उभे होते. माझीच वाट बघत होते.

"मी ब्राझीलमध्ये मिशनरी होतो," ते म्हणाले. "सत्त्याहत्तर साली. एकोणीस वर्षांचा. आम्हाला शिकवलं होतं की घरात गेलात की फॅमिली अल्बम मागायचा. आजी-आजोबांचे फोटो बघायचे. नाक, केस. शंका आली तर गोड बोलून निघायचं आणि परत जायचं नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"एक बाई होती. डोना इरासी. तिनं पपई कापून दिली. अल्बममध्ये तिची आजी होती. मी आणि माझ्या जोडीच्या मिशनरीनं एकमेकांकडे पाहिलं. पपई संपवली. ती म्हणाली, गुरुवारी या, माझा मुलगाही असेल. आम्ही येतो म्हणालो. पुढच्या जूनमध्ये बंदी उठली, तेव्हा मी रस्त्यात रडलो. पण तिच्या घरी गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?"

त्यांना वाटलं असावं की मी त्यांचा हात धरीन. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी. सोफिया गाडीतून बघत होती.

"तुम्ही वर्गात म्हणालात कारण माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला तर घर माहीत होतं. वार माहीत होता."

"हो."

"मग ते का नाही शिकवलंत?"

"कारण मग मला तिथे उभं राहता आलं नसतं," ते म्हणाले.

मी त्यांना माफ केलं नाही. माफ करणं माझ्याकडे नव्हतंच, ते डोना इरासीकडे होतं. पण दोन आठवड्यांनी त्यांनी वर्गात पपईची गोष्ट सांगितली. पुस्तक मिटून ठेवून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "देवानं मला ते करायला सांगितलं नव्हतं. माणसांनी सांगितलं आणि मी केलं. ते चुकीचं होतं." त्या दिवशी वांजिरू कार्पेटकडे बघत नव्हती. सरळ त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा काही मऊ झाला नव्हता. एक कुटुंब मधेच उठून गेलं. पुढच्या महिन्यापासून वर्ग दुसऱ्याकडे दिला. बिशपचं कळवणं अजून यायचं आहे.

मला एक गोष्ट करायची होती. आमच्यात मेलेल्या माणसाच्या वतीनं जिवंत माणूस मंदिरात बाप्तिस्मा घेऊ शकतो, बाईच्या वतीनं बाई. कॅमिलाच्या वतीनं मी घ्यावा असं माझ्या मनात आलं. रॉयडननं नऊ वर्षांत मंदिरात तिचं नाव कधी दिलं नव्हतं. शुक्रवारी तो अल ऐनहून आला, जेवायला बसला, तेव्हा मी विचारलं.

त्यानं घास खाली ठेवला. "नाही."

"का? मला तिच्यासाठी काहीतरी..."

"तिला विचारलंस?" तो ओरडला. एकोणीस वर्षांत तो असा ओरडल्याचं मला आठवत नाही. "एकदा तिला न विचारता किचनमध्ये पाठवलंत. आता न विचारता मंदिरात बसवणार? ती रोज रोझरी म्हणायची, मेबल. ती तुमच्या कुठल्याही फोटोत येणार नाही. राहू दे तिला जिथे आहे तिथे."

सोफिया ताटावरून उठली नाही. ती वडिलांकडे बघत म्हणाली, "टेल मी अबाउट हर." आणि तो सांगायला लागला, रागातच, भरभर. आई ढोल कशी वाजवायची, हळियाळला गेली की तिचा आवाजच कसा बदलायचा, वसईत परतताना बसमध्ये ती केसांवर पदर कसा घ्यायची. त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

हळियाळला कॅमिलाची धाकटी बहीण आहे. मी तिला एकदाही भेटले नव्हते. रॉयडनकडून नंबर घेतला. त्यानं दिला, पण का ते विचारलं नाही. रविवारी दुपारी फोन लावला.

"कोण?"

"मेबल, मावशी. रॉयडनची बायको. दुबईहून."

"बरं. रॉयडनला काही झालं का?"

"नाही, तो बरा आहे. मला लग्नाबद्दल बोलायचं होतं. फोटोबद्दल."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं, बाबांनी विचारलं ते, मी हो म्हटलं ते.

"कॅमिलानं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "लग्नाहून इकडे आली होती ना, तेव्हा. म्हणाली, सगळ्यांनी जेवण चांगलं झालं म्हटलं. आणि मग साडी घडी करून माझ्या मुलीला देऊन टाकली."

मी रडायला लागले.

"रडू नको," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. "असलं फोनवर ऐकून घेत नाही मी. दुबईहून रडतेस ते मला काय दिसतं? इथे ये. माझ्यासमोर बस आणि बोल. मग मला काय बोलायचं ते मी बोलेन."

तिनं फोन ठेवला. मी मे महिन्यातली दहा दिवसांची रजा टाकली आहे. सोफिया बरोबर येणार आहे. रॉयडन अजून हो म्हणालेला नाही.